शंका आणि गोपन : ‘शॅडो ऑफ अ डाउट’मधील कुटुंबरहस्याचे स्वरूप

१

रहस्यकथेची रचना सामान्यतः अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारी असते. आरंभी एखादे कूट, मध्यंतरी खऱ्याखोट्या खुणांचा पसारा आणि अखेरीस त्या कूटाची उकल, असा तिचा सर्वपरिचित क्रम आहे. सत्य उघड होणे हीच अशा कथेची फलश्रुती असल्यामुळे उकल झाली की तिचे प्रयोजनही संपते. मानसशास्त्रीय रहस्यकथेत मात्र या क्रमात एक महत्त्वाचा फरक पडतो. तेथे शोध घेणारी व्यक्ती कूटाबाहेर तटस्थपणे उभी नसते. ती त्याच्या आत वावरत असते. त्यातही शोध घेणारी व्यक्ती कोवळ्या वयाची असेल आणि गुपित तिच्या स्वतःच्या घरचे असेल, तर सत्य कळणे आणि सत्य सांगणे या दोन क्रिया एकमेकींपासून तुटतात. जे कळले ते सांगावे कोणाला, आणि सांगितल्यावर घर घर राहील काय, असा प्रश्न तेथे उभा राहतो. हा प्रश्न ज्या कथेला टाळता येतो ती केवळ चातुर्याची कथा होय. ज्या कथेला तो टाळता येत नाही तिला शोकात्म कथेचे काही गुण आपोआप प्राप्त होतात.

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित ‘शॅडो ऑफ अ डाउट’ हा १९४३ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. गॉर्डन मॅक्डोनेल यांच्या मूळ कथेवरून थॉर्नटन वाइल्डर, सॅली बेन्सन आणि अॅल्मा रेव्हिल यांनी त्याची पटकथा सिद्ध केली. यांपैकी वाइल्डर यांचे नाव १९३८ च्या ‘अवर टाउन’ या नाटकामुळे सर्वश्रुत झाले होते. लहान गावातील कुटुंबजीवनाचे शांत, जवळजवळ भाविक चित्रण करणाऱ्या त्या नाटककारालाच हिचकॉकने आपल्या खुनाच्या कथेसाठी पाचारण करावे, यातच चित्रपटाचा हेतू सूचित होतो. गाव खोटे वाटता कामा नये, घर दिखाऊ वाटता कामा नये. तसे झाले तर त्या घरात शिरणाऱ्या विषाला मोल राहणार नाही. कॅलिफोर्नियातील सांता रोझा या गावी प्रत्यक्ष स्थळी केलेले चित्रण याच हेतूला पोषक ठरले आहे.

२

कथानक थोडक्यात असे आहे. सांता रोझा येथील न्यूटन कुटुंबात वडील जोसेफ बँकेत नोकरीला आहेत. आई एमा घरकामात गढलेली आहे. अॅन आणि रॉजर ही दोन धाकटी मुले आहेत. थोरली मुलगी चार्ली नुकतीच शाळेतून बाहेर पडली आहे. तिला आपल्या घराच्या साचलेपणाची विलक्षण अस्वस्थता वाटते. सर्वांना जागे करील असे कोणीतरी यावे, या ओढीने ती आपल्या मामाला तार करावयास निघते. पण तारघरात पोहोचताच तिला कळते की, मामाचीच तार आधी येऊन पडली आहे. मामाचे नावही चार्लीच. तो येतो, भेटवस्तू वाटतो, बँकेत चाळीस हजार डॉलर ठेवतो आणि साऱ्या गावाचे मन जिंकतो. श्रीमंत विधवांचा विश्वास संपादन करून त्यांचे गळे आवळणारा जो खुनी पोलीस शोधीत आहेत तो हाच मामा होय, हे सत्य भाचीला हळूहळू उमगते, आणि तेथून पुढे कथेचा खरा संघर्ष सुरू होतो.

प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर येथे कूट असे फारसे काही नाही. पहिल्याच प्रसंगात मामा एका दूरच्या शहरातील भाड्याच्या खोलीत पलंगावर पडलेला दिसतो. मेजावर आणि जमिनीवर नोटा विखुरल्या आहेत. खाली दोन माणसे त्याच्या पाळतीवर आहेत. नेमका गुन्हा कळला नाही तरी या माणसाच्या मागे काही अमंगळ आहे, एवढे प्रेक्षकाला प्रथमपासूनच ठाऊक असते. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या आणि १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संभाषणात हिचकॉकने आश्चर्य आणि उत्कंठा यांतील जो भेद सांगितला आहे, तो या ठिकाणी लागू पडतो. पात्राला नसलेले ज्ञान प्रेक्षकाला आधी देणे हे उत्कंठेचे मूळ होय. म्हणून या चित्रपटात ‘खुनी कोण?’ हा प्रश्न गौण आहे. ‘हे ज्ञान त्या मुलीपर्यंत पोहोचेल तेव्हा तिचे काय होईल?’ हाच येथील प्रश्न आहे.

मामा पलंगावर पडलेला असतानाच्या दृश्यानंतर थोड्याच वेळात भाचीही आपल्या पलंगावर तशीच पडलेली दाखविली आहे. दोघांचे नाव एक, दोघांची तार एकाच वेळी, दोघांचे पहिले दर्शन एकाच पवित्र्यात. ही जोडी-रचना चित्रपटभर पसरली आहे : गुप्त पोलीस दोन, संशयित दोन, भाचीला मारण्याचे घरातील प्रयत्न दोन. या योजनेवरून भाची आणि मामा ही एकाच मनाची उजळ आणि काळी अशी दोन अंगे होत, असा अर्थ अनेकदा लावला जातो. हा अर्थ आकर्षक आहे. परंतु तो पुरेसा नाही. तो स्वीकारल्यास खून करणारा आणि खुनाचे ज्ञान सोसणारी यांतील नैतिक अंतर पुसट होते आणि ‘प्रत्येकाच्या मनात पाप असतेच’ या ढोबळ विधानापाशी विवेचन थांबते. चित्रपट त्याहून अधिक सूक्ष्म आहे.

३

हे साम्य आणि हे अंतर एकाच वेळी स्पष्ट करण्यास संस्कृत साहित्यशास्त्रातील दोन संकल्पना उपयोगी पडतात. भरताने जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत ‘शंका’ आणि ‘अवहित्थ’ हे दोन भाव आहेत. मराठीत शंका म्हणजे केवळ संशय असा अर्थ रूढ झाला असला तरी शास्त्रात शंका म्हणजे अनिष्टाची चाहूल होय. दशरूपककार धनंजयाने तिची दोन कारणे दिली आहेत : दुसऱ्याचे क्रौर्य आणि स्वतःचे दुर्वर्तन. म्हणजे ज्याच्यावर घाला येणार आहे त्यालाही शंका असते आणि ज्याने घाला घातला आहे त्यालाही असते. बाहेरून भाव एकच. त्याचे विभाव मात्र परस्परविरुद्ध.

मामा आणि भाची यांचे नाते नेमके असे आहे. मामाची शंका स्वतःच्या दुर्वर्तनातून जन्मलेली आहे. वृत्तपत्रातील एक बातमी दडविण्यासाठी तो ते पान फाडतो आणि मुलांना कागदाचे घर करून दाखविण्याचे निमित्त पुढे करतो. भाचीला ते फाडलेले पान त्याच्या कोटाच्या खिशात सापडते, ती थट्टेने ते उंच धरते, आणि मामा तिचे मनगट इतक्या जोराने पिळतो की ती कळवळते. तो लगेच हसून क्षमा मागतो. परंतु त्या क्षणी एका शंकेतून दुसरी शंका जन्माला येते. घरात पाहणी करण्याच्या मिषाने आलेल्या दोघांपैकी जॅक ग्रॅहम आपण पोलीस असल्याचे तिला सांगतो तेव्हाही ती शंका विश्वासाच्या रूपात परतविली जाते. ती पूर्ण होते ती ग्रंथालयात.

ग्रंथालयाचा प्रसंग हा चित्रपटाचा मध्यबिंदू आहे. बंद होण्याच्या वेळी चार्ली तेथे धावत पोहोचते, तेच वृत्तपत्र काढते आणि मृत स्त्रीचे नाव वाचते. मामाने तिला दिलेल्या पाचूच्या अंगठीत जी आद्याक्षरे कोरलेली होती ती त्या स्त्रीची आणि तिच्या पतीची होत, हे तिला कळते. येथे आरडाओरडा नाही, मूर्च्छा नाही. कॅमेरा मात्र मागे सरत वर चढतो, आणि त्या रिकाम्या दालनात लांब सावली पडलेली एक लहानशी आकृती तेवढी उरते. ज्ञानप्राप्तीच्या क्षणी नायिका मोठी होत नाही. ती लहान होत जाते. ॲरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले त्याचा हा विपरीत परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. अंगठी म्हणजे शाकुंतलापासून ओळखीची खूण; येथेही ती ओळख पटविते, परंतु जो ओळखला जातो तो प्रियजन या नात्याने कायमचा हरवतो.

४

सामान्य रहस्यपट येथे संपला असता. अंगठी हा पुरावा आहे, पोलीस गावातच आहेत, त्यांपैकी एक तर तिच्याविषयी ममत्व बाळगून आहे. तरीही चार्ली लगेच बोलत नाही, आणि चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग या न बोलण्याला वाहिलेला आहे. येथे दुसरा भाव पुढे येतो. अवहित्थ म्हणजे आकारगोपन, मनातील विकार चेहऱ्यावर व हालचालींत दिसू न देणे. भरताने त्याची कारणे सांगताना लज्जा, भय, गौरव आणि कुटिलता यांचा एकत्र निर्देश केला आहे. एकाच आवरणाखाली आदरही असू शकतो आणि कपटही असू शकते, ही गोष्ट शास्त्रकारांच्या ध्यानात होती.

पूर्वार्धात गोपन करणारा मामा एकटा आहे. उत्तरार्धात भाचीही त्याच कलेत निपुण होत जाते. जेवणाच्या मेजावर मामा धनाढ्य विधवांविषयी जे तिरस्काराचे भाषण करतो, त्याचा खरा अर्थ तिथे फक्त तिलाच कळतो. वडील आणि त्यांचा शेजारी हर्बी खून कसा करावा याच्या गप्पा नेहमीच्या हौसेने मारू लागतात, तेव्हा तिचा संयम सुटतो. पण ती जे ओरडते त्याचे कारण कोणालाही कळत नाही. घरातल्या विनोदाचा अर्थ एकीपुरता बदलून गेला आहे. पुढे मद्यगृहात मामा तिला जगाविषयीचे आपले तत्त्वज्ञान ऐकवितो : जग म्हणजे उकिरडा आहे आणि सभ्य घरांच्या भिंतींआड तोच दडलेला आहे. ती अंगठी परत करते आणि मामा थोड्या दिवसांची मुदत मागतो. ती मुदत ती देते. त्या क्षणापासून ती केवळ साक्षीदार राहत नाही. ती त्या गुपिताची भागीदार होते.

हॅम्लेटशी केलेली तुलना या ठिकाणी उद्बोधक ठरते. तेथेही कोवळ्या मनावर घरातील खुनाचे ज्ञान लादले गेले आहे; तेथेही अपराधी हा काकाच आहे आणि अपराध्यावर माया करणारी आई आहे. हॅम्लेट दरबारात नाटक घडवून आणतो. ते सर्वजण पाहतात, पण त्याचा घाव राजालाच लागतो. चार्लीचे नाटक याहून लहान आहे, कदाचित म्हणूनच अधिक परिणामकारक. मामाच्या खोलीतून अंगठी शोधून काढून ती बोटात घालते आणि पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात जिना उतरून येते. कॅमेरा त्या बोटाकडे सरकत जातो. सर्वजण सुंदर कपड्यांतील एक मुलगी पाहतात; मामा मात्र आपला पुरावा पाहतो, आणि हातात पेला असतानाच आपण दुसऱ्या दिवशी गाव सोडणार असल्याचे जाहीर करतो. एकही शब्द न उच्चारता निकाल लागतो.

साम्य एवढ्यावर थांबते. हॅम्लेट त्या नाटकानंतर आईच्या महालात जाऊन तिला तिच्या जीवनाचे सत्य कठोरपणे ऐकवितो. चार्लीचे सारे धैर्य ते सत्य आईपर्यंत पोहोचू नये यासाठी खर्ची पडते. हॅम्लेटला आईची जागृती हवी आहे. चार्लीला आईची झोप राखावयाची आहे. ज्या मुलीने आरंभी घराला जागे करील असा कोणीतरी यावा म्हणून तार करण्याचे ठरविले, तिनेच अखेर घर झोपलेले राहावे म्हणून पहारा द्यावा, हा या कथेतील दैवोपहास होय.

५

ही झोप एवढी मोलाची का, हे समजण्यासाठी एमाचे पात्र बारकाईने पाहणे अवश्य आहे. इंग्रजीत ज्याला एकाच शब्दाने संबोधिले जाते तो नातेवाईक मराठीत काका की मामा हे सांगावेच लागते, आणि या चित्रपटात तो मामा आहे या गोष्टीला गाढ अर्थ आहे. न्यूटनांच्या घरात जो शिरतो तो एमाच्या माहेरचा माणूस आहे. तो तिच्यासाठी आईवडिलांची जुनी छायाचित्रे घेऊन येतो. भावाच्या येण्याने तिला तिचे लग्नापूर्वीचे अस्तित्व परत मिळाल्यासारखे होते. पॅट्रिशिया कॉलिंज यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. भाऊ जाणार हे कळताच एमा पाहुण्यांच्या देखतच कोसळते आणि लग्नानंतर बाईला स्वतःचा कसा विसर पडत जातो, हे अडखळत बोलून जाते. साऱ्या चित्रपटात घराच्या साचलेपणाविषयी चार्लीने केलेल्या तक्रारीपेक्षा हे चार शब्द अधिक खोल आहेत.

या प्रसंगाची योजना निर्दय आहे. अंगठीचा बाण अचूक लागला त्याच क्षणी तो आईलाही लागला. भाचीने मामाला घालविले आणि त्याच कृतीने आईचे माहेर दुसऱ्यांदा तुटले. चार्ली ते ऐकत उभी आहे आणि तिला बोलता येत नाही. तिच्या गोपनाचे कारण लज्जा नव्हे, कुटिलता तर नव्हेच. ते गौरव आहे, आईविषयीचे ममत्व आहे. मामाचे आणि भाचीचे आकारगोपन बाहेरून सारखे दिसले तरी त्यांचे विभाव असे भिन्न आहेत. चित्रपटातील जोडी-रचनेचा उलगडा येथे होतो. दोन चार्ली म्हणजे एका मनाचे दोन भाग नव्हेत. एकाच भावाची दोन कारणे होत.

असे असले तरी हे अंतर अभेद्य नाही, हेही चित्रपट दाखवितो. तू गेला नाहीस तर मीच तुला ठार करीन, असे चार्ली मामाला सांगते, तेव्हा ती पोकळ धमकी वाटत नाही. शिवाय तिच्या मौनाची किंमत तिलाच द्यावी लागते असेही नाही. मारल्या गेलेल्या स्त्रियांची बाजू या घरात कोणी मांडत नाही. पोलिसांपासून पळताना विमानाच्या पंख्यात सापडून मेलेला दुसरा संशयित हाच खुनी ठरतो आणि प्रकरण मिटते; खोटा निष्कर्ष कागदोपत्री खरा होतो. आईविषयीचे गौरव निर्मळ असले तरी त्याच्या आडोशाला एक अन्याय सुरक्षित राहतो. घरातील गुपिते बहुधा अशीच टिकतात : दुष्टांच्या कपटाने कमी आणि भल्यांच्या मायेने अधिक.

६

या चित्रपटाचे दोष झाकण्याचे कारण नाही. मामाला बालपणी सायकलवरून झालेल्या अपघातात डोक्यास इजा झाली व तेव्हापासून तो पालटला, असे एमा सांगते. हे वैद्यकीय स्पष्टीकरण त्याच्या दुष्टत्वाला लहान करते. त्याचे भाषण ऐकल्यावर प्रेक्षकाला जी थरकाप आणणारी जाणीव होते ती कवटीला झालेल्या इजेत मावत नाही. आईच्या मायेला सुचलेली ही सबब आहे असे समजल्यास दोष काहीसा सौम्य होतो, इतकेच. ग्रॅहम आणि चार्ली यांचा अनुराग रूढीच्या दडपणाखाली आलेला आहे. तो कथेच्या नसानसांत भिनत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटाविषयीचा आहे. मागच्या जिन्याची पायरी आणि वाहनाच्या धुराने भरलेली मोटारीची खोली यांतून वाचलेल्या चार्लीला मामा अखेर धावत्या आगगाडीतून ढकलू पाहतो. झटापटीत त्याचाच तोल जातो आणि तो समोरून येणाऱ्या गाडीखाली सापडतो. दोन्ही संशयितांचे मरण असे यंत्रांनी, अपघातानेच घडविले आहे. नायिकेला जो निर्णय घ्यावयास हवा होता, म्हणजे मामाला कायद्याच्या हवाली करावे की सुटू द्यावे, तो लेखकांनी तिच्या हातून काढून घेतला, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. अपराध्याला शासन झाले पाहिजे या तत्कालीन चित्रपटांवरील निर्बंधाची पूर्तता अपघाताने होते. नैतिक प्रश्नाची होत नाही.

परंतु चित्रपट अपघातापाशी संपत नाही. त्यानंतर मामाची अंत्ययात्रा आहे. सांता रोझाचे लोक एका सज्जन उपकारकर्त्याला निरोप देत आहेत. चर्चमधून त्याच्या सद्गुणांचे वर्णन ऐकू येत आहे, आणि सत्य जाणणारे दोघे, चार्ली व ग्रॅहम, बाहेर दाराशी उभे आहेत. जगाविषयी मामाचे म्हणणे काय होते ते चार्ली त्याला सांगते. जग तितके वाईट नाही, मात्र त्याच्यावर नजर ठेवावी लागते, अशा अर्थाचे उत्तर ग्रॅहम देतो. हे उत्तर पोलिसाचे आहे. सांत्वनापुरते ते बरे आहे. मात्र आतून येणाऱ्या स्तुतीने ते जवळजवळ बुडून जाते. अपघाताने चार्लीचा निर्णय हिरावून घेतला असेल, तिचे ओझे मात्र हिरावून घेतलेले नाही. मामा जिवंत असता तर सत्य केव्हातरी उघड होण्याचा संभव होता. तो मेल्यामुळे ते गुपित कायमचे तिच्याकडे आले.

म्हणून या चित्रपटाला कुटुंबरहस्याच्या उकलीची कथा म्हणणे अर्धसत्य होईल. एका पिढीने न जाणता जपलेले गुपित दुसरी पिढी जाणून जपू लागते, आणि त्या जपण्यालाच प्रौढत्व म्हटले जाते, असा त्याचा खरा आशय आहे. कुमारवयीन शोधकाची भीती अशा कथांत बहुधा सत्य कळल्यावर निमते. येथे शंका निमते, पण तिची जागा गोपन घेते. आणि शंकेला जसा अंत असतो तसा गोपनाला नसतो. चर्चच्या दाराशी उभी असलेली ती मुलगी आत जाऊ शकत नाही आणि घरी जाऊन काही सांगूही शकत नाही. आपल्या घराला जाग यावी असे जिला वाटत होते ती त्या घरात आता एकटीच जागी आहे.